दोन सूर्यांचं निशाण

तुमच्या आजोबांच्या मावसभावाने जितके सिंह, हत्ती, गरुड आणि सूर्यचंद्र तपासले तितके उभ्या नव्या मुंबईत दुसऱ्या कुणी तपासले नसतील, आणि त्यांतला जवळजवळ एकही त्यांना कधी पसंत पडला नाही. मी त्यांना भाऊजी म्हणायची, ते मला वहिनी. तुम्ही लहान असताना एकदा त्यांच्या मांडीवर बसलेले आहात. त्या फोटोत ते तुमच्याकडे बघत नाहीत, तुमच्या झबल्यावर छापलेल्या वाघाकडे बघताहेत. आम्ही सीवूड्सला राहायला आलो, त्याच वर्षी त्यांनीही शेजारच्या सोसायटीत छोटा फ्लॅट घेतला. एकटा जीव, सकाळी एक पोळी जास्त करायची एवढंच मला काम. पण ती पोळी न्यायला आले की दारावरच्या गणपतीच्या टाइलकडे बघून रोज एक सुस्कारा सोडत. त्या गणपतीच्या हातातला परशू कुऱ्हाडीसारखा नव्हता, पापड भाजायच्या चिमट्यासारखा होता, असं त्यांचं म्हणणं. टाइल मी निवडली होती.

याचं मूळ त्यांच्या नोकरीत होतं. मुंबईतल्या एका बँकेत ते आयुष्यभर सह्या पडताळत होते. चेकवरची सही आणि बँकेकडची नमुन्याची सही शेजारी ठेवायची, भिंग लावायचं आणि दोनपैकी एक निकाल द्यायचा: ‘जुळते’ किंवा ‘जुळत नाही’. तिसरा निकाल नाही. ‘साधारण जुळते’ म्हणणाऱ्या माणसाने त्यांच्या मते बँकेत नाही, धर्मशाळेत नोकरी करायला हवी. या कामातली एक युक्ती त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की निवृत्तीनंतरही गेली नाही. सही तपासताना ते कागद आधी उलटा धरत. सुलटी सही माणूस वाचतो, ते म्हणत, आणि वाचायला लागला की फसतो. उलटी केली की नाव दिसत नाही, नुसत्या रेषा दिसतात. आता चेक उलटा धरता येतो, शाळेचं फाटक धरता येत नाही. म्हणून कमानीवरचं बोधचिन्ह तपासायचं झालं की भाऊजी रस्त्यात पाठमोरे उभे राहून कमरेत वाकत आणि दोन पायांच्या मधून वर बघत. एकदा एका वॉचमनने धावत येऊन त्यांच्या डोक्यावर पाणी ओतलं. त्याला वाटलं, म्हातारबाबांना चक्कर आली. भाऊजी निथळत उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, “मी ठीक आहे. तुमच्या शाळेच्या हंसाला मात्र बदकाची चोच आहे.”

लग्न का झालं नाही, हे तुमचे आजोबा रंगवून सांगत. मुलगी बघायला गेले, मुलगी छान, घर छान, पोहे छान. मुलीच्या गळ्यात जुन्या, लक्ष्मीछाप सोन्याच्या पुतळ्यांची माळ होती. भाऊजी एकटक त्या माळेकडे बघत राहिले. मुलीच्या आईचा गैरसमज झाला, मुलीचाही थोडा झाला असावा. मग भाऊजी मुलीच्या वडिलांना म्हणाले, “मुलगी उत्तम आहे, पण पुतळ्या मागाहून पाडलेल्या आहेत. लक्ष्मीचा हात जुळत नाही.” बोलणी तिथेच संपली. “अहो, खरं तेच बोललो ना मी,” असं ते पन्नाशीतही म्हणत. त्यांना त्यात आपलं काय चुकलं हे शेवटपर्यंत समजलं नाही.

अशा माणसाच्या म्हातारपणात कॉम्प्युटर यावा, याला मी दैवयोग म्हणते. नव्वदनंतरच्या त्या वर्षांत आमच्याकडे प्रत्येक सेक्टरमध्ये एकेका गाळ्यात डीटीपीची दुकानं निघाली. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, मंडळाची पावतीपुस्तकं, सगळं कॉम्प्युटरवर. ज्यांच्या घराण्याला कधीकाळी एखादं चिन्ह होतं, ते सगळे माळ्यावरून जुनी पितळी मुद्रा काढून दुकानात घेऊन येऊ लागले. दुकानदार चित्र स्कॅन करायचे, आणि जिथे पुसट असेल तिथे कॉम्प्युटरमध्ये आयता मिळणारा प्राणी चिकटवून द्यायचे. एका सरदारांच्या नातवाची पत्रिका आमच्याकडे आली, वर हत्ती. भाऊजींनी पत्रिका उलटी धरली आणि खुर्चीवरून उठलेच. “वहिनी, कान बघा याचे! सुपाएवढे! हा आफ्रिकेचा हत्ती आहे. यांचे पणजोबा आफ्रिकेत कधी लढले?” त्यांनी पत्रिकेच्या मागे ‘जुळत नाही’ असं लिहून, खाली सही करून ती पोस्टाने परत पाठवली. लग्नाला मात्र गेले. जिलब्या दोनदा मागून घेतल्या. “जिलबीबद्दल माझी तक्रार नव्हती,” म्हणाले.

त्यांचा मुक्काम असायचा तो वैशालीच्या दुकानात. आमच्या सेक्टरच्या मागे खाडीकाठी एक जुनं गाव होतं, होड्यांचं आणि पूर्वी भातशेतीचंही. शेतं सगळी नव्या शहरात गेली, त्या जागी बिल्डिंगा उभ्या राहिल्या, आणि गावातले हिराजीशेठ त्यातल्या दोन बिल्डिंगांचे मालक झाले. वैशाली त्यांची मुलगी. कॉमर्सची पदवी घेऊन तिने वडिलांच्याच बिल्डिंगच्या एका गाळ्यात दुकान टाकलं होतं. पोरगी हुशार, हात झरझर चालायचा, तोंड त्याहून. भाऊजी स्टूल ओढून तिच्या मागे बसत आणि येईल त्या चिन्हावर निकाल देत. ती वैतागायची आणि त्यांना चहाही द्यायची. “काका, तुमी माझं गिऱ्हाईक पळवता,” ती म्हणायची. यावर भाऊजींचं एकच तत्त्व ठरलेलं होतं, आणि ते त्यांनी तिच्या मनावर कोरलं होतं: “मूळ वस्तूत जे दिसतं तेवढंच काढायचं. दिसत नाही ते मनाने भरायचं नाही. हे मोडलं की कारागिरी संपली आणि लबाडी सुरू झाली.”

या तत्त्वातच ते पुढे अडकले.

गावाच्या देवीच्या पालखीपुढे एक जुनं निशाण निघायचं. पंचाएवढं रेशमी कापड, त्यावर भरतकाम: मधोमध शिडाची होडी, एका बाजूला सूर्य. कुठल्याशा जुन्या आरमारी सरदाराने गावाच्या होड्या लढाईत उपयोगी पडल्या म्हणून ते दिलं, आणि ‘चंद्रसूर्य असेपर्यंत खाडी तुमची’ असा शब्द दिला, असं गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते. कापड आता इतकं जीर्ण झालं होतं की वारा लागला तरी भुगा पडायचा. गावाने ठरवलं, यंदा चैत्रातल्या जत्रेला नवं निशाण करायचं. वैशाली जुन्याचं चित्र कॉम्प्युटरवर उतरवून देणार, वाशीचा कारागीर त्यावरून मशीनवर भरतकाम करणार, आणि नवं उभं राहिलं की जुनं रीतीप्रमाणे खाडीत विसर्जन करायचं. हे शेवटचं ऐकून भाऊजींचा चेहरा उतरला. चेक चुकून वटला तर पैसे वसूल करता येतात. इथे नमुनाच बुडणार होता. यानंतर कुणाला काही ताडून बघायचं झालं, तर ताडायला उरणार काय?

जत्रा जवळ आल्यावर गावाच्या समाजमंदिरात चित्र दाखवायचं ठरलं. भाऊजींनी मलाही ओढून नेलं. वैशालीने मोठी छापील प्रत उलगडली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रंग ताजे, रेषा सुरेख. भाऊजींनी ती उलटी केली. मग सुलटी केली. मग परत उलटी केली, आणि मला कळलं की आता काही खरं नाही.

“वैशाली, ही होडी जाणार कुठे?”

“म्हणजे?”

“दोन्ही टोकांना नाळ आहे. दोन्हीकडे पुढचाच भाग. मागचा भागच नाही. आणि सूर्य दोन आहेत.”

वैशालीने ओठ चावला. डावा अर्धा भाग चांगला होता, उजवा पार विटलेला, म्हणून तिने डाव्याचीच आरशातल्यासारखी प्रत उजवीकडे ठेवली होती. “मिरर केलंय, काका. सिमेट्री परफेक्ट आली. होडीचं चुकलंच, ती मी आत्ता नीट करते, तिचं मागचं टोक थोडं दिसतंय. पण त्या वरच्या कोपऱ्यात काहीच नाही. रिकामा वाईट दिसला म्हणून—”

“म्हणून सूर्य? तिथे चंद्र होता!”

हिराजीशेठ हसले. मोठे दिलदार गृहस्थ, पांढरा सफारी, बोटात तीन अंगठ्या. “काका, मी जनमलो तवापासून हे निशान बगतंय. चांद कवाच नव्हता. आन् एक सूर्य जास्त झाला तर काय बिगडला? देवीला उजेड जास्त!”

सगळे हसले. भाऊजी हसले नाहीत. “शेठ, सरदाराने शब्द दिला तो चंद्रसूर्य असेपर्यंतचा. म्हणून जुन्या दानपत्रांवर दोघेही कोरतात. दोघे मिळून कायमचे. तुम्ही चंद्र काढून टाकलात तर शब्द उरला फक्त दिवसापुरता. सूर्य मावळला की खाडी दुसऱ्याची.”

त्या गावाने शेतं जाताना बघितली होती. दुसऱ्याची होणं म्हणजे काय, हे तिथे कुणी समजावून सांगायला नको होतं. मग कोपऱ्यात पाय पसरून बसलेली बायजी, म्हणजे हिराजीशेठची म्हातारी आत्या, जोरात म्हणाली, “आरं हिऱ्या, आन् म्हावरा तं रातीलाच गावतो!”

रात्रीच्या मासळीची ती काळजी ऐकून हसण्याचा जो स्फोट झाला त्यात हिराजीशेठही सामील होते. पण डोळे पुसत त्यांनी हात वर केला. “बरं काका, चांद घालू. पन दाखवा आमाला, कुठं होता तो.”

“तेच म्हणते मी,” वैशाली म्हणाली. तिच्या आवाजात खोडकरपणा नव्हता, खरी अडचण होती. “तुमीच शिकवलंय ना, दिसतं तेवढंच काढायचं. मला नाही दिसत. तुमाला दिसतो का?”

भाऊजींनी बायजीजवळ ठेवलेल्या जुन्या कापडावर भिंग धरलं. विटकं, पांढुरकं रेशीम, दुसरं काही नाही. खाडीच्या खाऱ्या वाऱ्याने चंदेरी जर कधीच खाल्ली असावी. त्यांनी खूप वेळ बघितलं आणि भिंग खाली ठेवलं. “नाही,” म्हणाले. खोटं बोलणं त्यांना जमलंच नसतं, आपल्या बाजूचंही. तेव्हा असं ठरलं की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चंद्र सापडला तर ठीक, नाहीतर तो कोपरा रिकामा ठेवून चित्र वाशीला जाणार. दोन सूर्यांवर कुणाचाच आग्रह उरला नव्हता, पण चंद्र सापडेल असंही कुणाला वाटत नव्हतं. घरी आल्यावर भाऊजींनी दारातल्या गणपतीकडेही बघितलं नाही, तेव्हा मी खरी घाबरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दारात हजर. “वहिनी, चला. तुमची नजर माझ्यापेक्षा बरी आहे.” मी पर्स घेतली, उन्हाची म्हणून छत्री घेतली आणि निघाले. दुकानात बायजी आधीच येऊन बसली होती. निशाण देवळाबाहेर काढायचं तर तिच्याच हातातून, अशी रीत, आणि ती ते मांडीवर बाळासारखं धरून होती. वैशालीने कोपरा पुन्हा स्कॅनरवर ठेवला, झाकण लावलं. पडद्यावर पुन्हा तोच पांढरा भकास चौकोन.

मी कापडाला हात लावला तेव्हा ते मला जाड वाटलं. “याला मागून अस्तर आहे का हो?” मी विचारलं.

“हाय तर. माज्या आयेनं लावलंय,” बायजी म्हणाली. “फाटाय लागला व्हता म्हनून.”

भाऊजी स्टुलावरून असे उठले की स्टूल पडलं. “अस्तर पांढरं! झाकण पांढरं! कापड पांढरं! वैशाली, आपण पांढऱ्यावर पांढरं शोधतोय! चंदेरी जर गेली तरी सुईची भोकं कुठे जातील? मागे काळं घालायला हवं. काळं! कुणाकडे काळं काही आहे?”

दुकानात काळं काहीच नव्हतं. भाऊजींची नजर फिरत फिरत माझ्या हातावर थांबली. “वहिनी, छत्री.”

“भाऊजी, ती नवी आहे.”

“वहिनी!”

छत्री मी दिली, पण फाडायला दिली नाही. अस्तर एका कडेने उसवलेलंच होतं. बायजीने देवीचं नाव घेऊन मान हलवली आणि मी माझ्या शिवणाच्या छोट्या कात्रीने आणखी चार टाके उसवले. छत्रीची एक बाजू आम्ही त्या फटीतून हळूहळू आत सरकवली. एकीकडे स्कॅनर, वर निशाण, त्यात अर्धी घुसलेली छत्री, तिची मूठ बायजीच्या हातात, आणि झाकणावर हात दाबून उभे भाऊजी. तेवढ्यात हिराजीशेठ आत आले आणि दारातच थिजले. “ये काय चाललंय?”

“गप रे,” बायजी म्हणाली.

पडद्यावर चित्र वरून खाली उतरू लागलं. आधी काही नाही. मग राखाडी कापडावर बारीक काळे ठिपके दिसू लागले, मुंग्यांची रांग जावी तसे. ठिपके वाढत गेले, पण आकार कळेना. वैशाली म्हणाली, “ठिपके आहेत काका, पण हे काहीपण असू शकतं.”

“उलटं कर!” म्हणत भाऊजींनी तो जडशीळ मॉनिटर दोन्ही हातांनी धरला आणि फिरवायला लागले.

“काका! मॉनिटर नका फिरवू! मी चित्र फिरवते!”

तिने एक बटण दाबलं. चित्र उलटं झालं, आणि ठिपक्यांमधून एक कमान उठून दिसली. दोन्ही टोकांना निमुळती, मध्ये भरीव. मग वैशालीने ते पुन्हा सुलटं केलं, आणि आता ते सुटेना, सगळ्यांना दिसत राहिलं. चंद्रकोर. पण उभी नाही. आडवी, दोन्ही टोकं वर करून, पाण्यावर होडी तरंगावी तशी.

“आयला!” हिराजीशेठ म्हणाले, आणि अंगठ्यांचा हात त्यांनी तोंडावर ठेवला.

आता भाऊजी नाचतील असं मला वाटलं. ते पडद्याकडे एकटक बघत उभे होते. दानपत्रांवरची चंद्रकोर सूर्याकडे तोंड करून उभी असते, हे त्यांनी मला आदल्या आठवड्यात तासभर समजावलं होतं, आकृत्या काढून. जर त्यांच्या शब्दावर विसंबून वैशालीने चंद्र घातला असता, तर तोही चुकलाच असता.

बायजी खुदकन हसली. “खाडीवरनं बगा ना कदी. आमचा चांद असाच निजतो.”

भाऊजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “जुळत नाही,” ते म्हणाले. “माझं. माझं जुळत नाही.” आणि मग माझ्याकडे वळून असे हसले की तसं त्यांना हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. “वहिनी, हे भरतकाम करणाऱ्या बाईने वर बघून काढला हो तो! पुस्तकात बघून नाही!”

जत्रेच्या दिवशी बँजो पार्टीचा आवाज आमच्या सोसायटीपर्यंत येत होता. हिराजीशेठ स्वतः भाऊजींना घ्यायला आले आणि त्यांच्या डोक्याला भगवा फेटा बांधला; तो त्यांना मोठा होत होता. नवं निशाण काठीवर चढलं: होडी एका दिशेने निघालेली, एका अंगाला सोनेरी सूर्य, दुसऱ्या अंगाला चंदेरी आडवा चंद्र. बायका नाचत होत्या, गुलाल उडत होता. वैशाली सगळ्यांना सांगत सुटली होती, “टाका मोजून घ्या, टाका! भोक तिथे टाका!” आणि शेठ प्रत्येक पाहुण्याला भाऊजींपुढे आणून म्हणत होते, “हे आमचे काका. ह्यांनी आमची रात परत आनली.” भाऊजी त्या गर्दीत रस्त्याच्या मधोमध वाकले आणि पायांमधून वर निशाणाकडे बघू लागले. फेटा पडला. या वेळी पाणी ओतायला कुणी धावलं नाही. उलट त्यांच्या बाजूला दोन-चार माणसं वाकून बघायला लागली, ही काहीतरी रीतच असावी म्हणून. उठले तेव्हा चेहरा लालबुंद झाला होता. “जुळतं,” म्हणाले. एवढा एकच शब्द, पण शेठनी तो ऐकून बँजोवाल्यांना परत वाजवायला लावलं.

संध्याकाळी भरती आली तेव्हा जुनं निशाण विसर्जनाला निघालं. होडीत बायजी, शेठ, भाऊजी आणि त्यांना आधार म्हणून मी. बायजीने ते पाण्यावर सोडलं. ते लगेच बुडालं नाही. अस्तर फुगलं, कापड सैल झालं, आणि थोडा वेळ ते पाण्यावर पसरून राहिलं, ती विटकी होडी खऱ्या पाण्यावर. मग हळूहळू खाली गेलं. भाऊजी वाकून बघत होते. मला वाटलं, त्यांना वाईट वाटत असेल. आयुष्यभर ज्याने मूळ नमुना जपला, त्याच्या डोळ्यांसमोर नमुना चालला होता. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“वहिनी,” ते म्हणाले, “आता त्या नव्या निशाणाला नक्कल म्हणायचं नाही हं कुणी. आता तेच.”

भाऊजी गेले त्यालाही बरीच वर्षं झाली. जत्रेला मी अजून जाते, पायांना जमेल तेवढी. ते निशाणही आता विटलंय. सूर्याचा पिवळा फिका झालाय, चंद्राची जर एका टोकाला काळी पडायला लागली आहे. परवा गर्दीत एक मुलगी तिच्या मैत्रिणीला सांगत होती, हे आमचं अस्सल जुनं निशाण, आरमाराच्या काळातलं, सरदाराने दिलेलं. आयुष्यभर शाळेत मुलांच्या चुका सुधारल्या, तशी हिचीही सुधारायला मी पुढे झाले होते. मग मी वर बघितलं. वाऱ्यावर होडी चालली होती आणि तिच्यावर चंद्र निजला होता. मी तिला पुढे सांगू दिलं.